माणकात कोंडलेला उबारा

एका राज्यात समुद्राच्या काठी वाळू उकरली की ऊन पाणी लागत असे. कुणी चूल पेटवली नव्हती, कुणी मंत्र घातला नव्हता. भूमीच्या पोटात अग्नी होता आणि त्या अग्नीला समुद्राचा शेजार आवडत असे, एवढेच. ओहोटी लागून समुद्र मागे सरला की काळ्या कातळापाशी वाळूतून वाफा निघत. मग लोक हातांनी खळगे करीत आणि आत उतरून गळ्यापर्यंत बसत. पाणी फार कढत वाटले तर पायाने वाळूचा बांध मोडून एखादी लाट आत घ्यायची, आणि निवले तर आणखी हातभर उकरायचे. त्या जागेला ऊनकाठ म्हणत.

मृगावती त्या राज्याची राजकन्या. थंडी पडली की राणी-आई तिला आणि धाकट्या भद्रसेनाला घेऊन ऊनकाठी येई. तिथे चवऱ्या नव्हत्या, भालदार नव्हते. राजाच्या खळग्याशेजारी कोळ्याचा खळगा, त्याच्या शेजारी कुंभाराचा. मधला बांध ढासळला की दोघांचे पाणी एक होई आणि मग कुणाचे कोणते हे कुणी विचारीत नसे. जिथे पाणी सर्वांत कढत, तिथे बायका फडक्यात रताळी बांधून सोडीत. अंगाला गंधकाचा वास, केसांत वाळू, अशी मुले ती रताळी फुंकून फुंकून खात. कोळ्यांची येसू ही मृगावतीची जिवाची मैत्रीण. दोघी एकाच खळग्यात बसत, बोटांची कातडी सुरकुतून म्हातारीसारखी होईतो बसत, आणि एकमेकींचे हात पाहून हसत सुटत.

पुढे मृगावतीचे लग्न झाले. ती डोंगरांपलीकडे बर्फाच्या मुलखाची राणी झाली. राजा भला होता, प्रजा गुणाची होती, तिला कशाची ददात नव्हती. सकाळी दासी चांदीच्या घंगाळात पाणी तापवून देत. ते ऊन असे, पण त्याला कशाचा वास नसे, आणि तळाशी वाळू नसे. न्हाता न्हाता ती कधीमधी पायाची बोटे हलवून पाही. आपल्या मुलांना ती ऊनकाठाच्या गोष्टी सांगे. मुले म्हणत, "आई, वाळूतून कुठे ऊन पाणी येतं?" आणि ती म्हणे, "येतं रे. तुम्हांला नेईन एकदा." ते एकदा काही येत नव्हते.

राणी-आई वारली तेव्हा खिंड बर्फाने बुजली होती. वार्ता पोचली तोवर बारावेही होऊन गेले होते. मृगावती त्या दिवशी न्हायलीच नाही. त्यानंतर माहेराला जाण्याचे तिने कधी नाव काढले नाही.

अशी वर्षे गेली. मग एका सकाळी तिच्या खिडकीत एक खंड्या येऊन बसला. निळे पंख, तांबडी चोच. समुद्राकाठचा पक्षी बर्फात येत नाही, पण हा आला होता, आणि तो बोलला.

"महाराणी, ऊनकाठ गार झाला."

"ते कसे घडले?"

"राणी-आई गेल्यावर भद्रसेन महाराज शंखपाल जादूगाराकडे गेले. म्हणाले, जो कधी निवणार नाही असा उबारा मला दे. जादूगाराने भूमीच्या पोटातला अग्नी काढला आणि एका माणकात कोंडून दिला. महाराज आता त्या माणकात पाहत बसतात. राज्यात चुली पेटतात, पण भात शिजत नाही. ज्या घरात पाळणा आहे, त्या घरात कुणाचा डोळ्याला डोळा लागत नाही."

"तू माझ्याकडे का आलास?"

"माझी अंडीही गार पडली, महाराणी," खंड्या म्हणाला.

मृगावतीने पतीला सांगितले. त्याने तिच्याकडे पाहिले आणि म्हटले, "जा. तू इतकी वर्षे ज्या पाण्याचे नाव काढतेस, ते मलाही एकदा पाहायचे आहे. असेल तर पाहीन."

ती निघाली. खिंड ओलांडली, रान ओलांडले. माहेरच्या शिवेवर येताच घोडे थबकले आणि पुढे पाऊल टाकीनात. तिने स्वारांना तिथेच ठेवले आणि ती पायी चालू लागली. खंड्या पुढे पुढे उडत होता.

नगरात दिवे जळत होते. तिने एका ज्योतीवर हात धरला. उजेड हाताला लागला, ऊब लागली नाही. लोक ओट्यांवर भिजवलेले पोहे खात बसले होते. कुणी कुणाशी बोलत नव्हते. भांडतसुद्धा नव्हते. तिने वाटेत कितीजणांना नमस्कार केला, पण मान हलवण्यापलीकडे कुणी काही केले नाही.

ऊनकाठी मैल मैल ओली करडी वाळू पसरली होती. तिथे एक स्त्री पालथ्या होडीला टेकून उभी होती. केस पिकले होते, छातीशी पदराने एक तान्हे बांधले होते. मृगावतीने तिला उभे राहण्याच्या ढबीवरूनच ओळखले.

"येसू!"

"कोण गं तू?"

"मी मृगा."

"असशील," येसू म्हणाली. "थंडीत ओळख लागत नाही बघ."

"हे कुणाचं?"

"नात माझी. जन्मली तेव्हापासून हिचे पाय गार आहेत. सगळे म्हणतात, हा हिवाळा काही काढायची नाही." हे तिने भाव बदलल्याविना सांगितले. मृगावतीने त्या पावलाला हात लावला. ओल्या शिंपल्यासारखे पाऊल.

"येसू, मला शंखपालाच्या बेटावर ने."

"नेते. पण बोलायला लावू नको."

शंखपाल जादूगार एका शंखात राहत असे. शंख राजवाड्याएवढा होता आणि त्यात दिवसरात्र भरतीचा आवाज घुमे. दारातच तो बसला होता. दाढी ओली, डोळे माशासारखे न मिटणारे.

"मी चोर नाही, राणी," तो आपणहून म्हणाला. "मागितले ते दिले."

"मग आता परत घ्या."

"दिलेले परत घेण्याची मला बंदी आहे. तुला घेता येईल. तीन कामे करावी लागतील."

"सांगावीत."

"पहिले. झऱ्याचे मुख वाळूखाली बुजले आहे, ते शोध. एकदाच उकरता येईल. जागा चुकली तर मुख सरकून समुद्राच्या तळाशी जाईल. दुसरे. मुखावर पाषाणाचा खेकडा बसला आहे. त्याच्या पाठीवर हात ठेव. भरती येऊन पुन्हा ओहोटी लागेतो हात उचलायचा नाही. तिसरे. माणिक मुखात टाकायचे. पण भद्रसेनाने ते आपल्या हाताने, आपल्या इच्छेने टाकले पाहिजे. हिसकावलेस किंवा चोरलेस तर माणिक फुटेल आणि अग्नी कायमचा विझेल."

"आणि मी माणकात पाहिले तर?"

"तुझ्या आयुष्यातला सर्वांत उबदार दिवस दिसेल. मग तूही तिथून उठणार नाहीस. आजवर कुणी उठलेले नाही."

मृगावतीने मान लववली. येसूने होडी वळवली.

ओहोटी लागली होती. मृगावती थेट चालत गेली. तिला सारे लख्ख आठवत होते. वाकलेले उंडीचे झाड, त्याच्या शेंड्यापासून समुद्राकडे सरळ रेघ, आणि तिथेच ऊन पाणी. झाड होते. वाकलेलेही होते. ती गुडघ्यांवर बसली आणि हात वाळूत घालणार, तोच येसूने मनगट धरले.

"ते झाड हे नव्हं. ते वादळात उन्मळून पडलं, तुझं लग्न झालं त्याच्या पुढच्याच साली. हे त्याच्या बियांतून आलेलं. कुठं उगवलं, कसं उगवलं, काही नेम नाही."

इतकी वर्षे जी खूण मृगावतीने मुलांना बोट दाखवल्यासारखी सांगितली होती, ती खूणच राहिली नव्हती. गंधकाचा वास येतो का म्हणून तिने श्वास ओढला, तर नुसते मीठ. मग तिने पायांतले जोडे काढले.

काळ्या कातळावर सगळीकडे कालवे, म्हणजे दगडाला चिकटलेले शिंपले, धरलेली असतात आणि त्यांच्या कडा सुरीसारख्या असतात. लहानपणी मुले कातळावरून एकाच वाटेने उतरत, कारण तिथे पाय कापत नसत. कढत पाणी वर्षानुवर्षे वाहून तिथे कालवे कधी धरलीच नव्हती. ती वाट डोळ्यांना ठाऊक नव्हती, पायांना ठाऊक होती. मृगावती अनवाणी कातळावर चढली आणि चालू लागली. पाऊल टाकले की कापे. रक्त आले, खारे पाणी झोंबले, ती चालत राहिली. येसू खालून पाहत होती. कातळाच्या पार टोकाला आल्यावर मृगावतीने एक पाऊल टाकले आणि ते कापले नाही. दुसरे टाकले, तेही कापले नाही. दगड गुळगुळीत होता, जुन्या उंबऱ्यासारखा.

त्याच वाटेने ती खाली उतरली आणि जिथे वाट वाळूत शिरली तिथे उकरू लागली. कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. येसू काही वेळ नुसती उभी राहिली. मग तिने हाक मारून सुनेला बोलावले, नात तिच्याकडे दिली, आणि समोर बसून तीही उकरू लागली. वाळूखाली पाषाण लागला. पाषाणाला नांग्या होत्या.

पहिले काम झाले.

खेकडा बैलगाडीच्या चाकाएवढा होता आणि त्याच्या पाठीची थंडी बर्फाच्या मुलखात राहिलेल्या मृगावतीलाही सोसेना. तिने तळहात टेकवला. आधी बोटे बधिर झाली, मग कोपर, मग खांदा. सूर्य वर आला आणि समुद्र परत येऊ लागला. पाणी गुडघ्यांना लागले, कमरेला लागले. लाट आली की ती आडवी होई, पण हात सुटू देत नसे. पाणी गळ्याशी आले तेव्हा तिच्या मनात आले, आता पुढची लाट मला नेणार.

त्या लाटेआधी कुणीतरी मागून तिच्या कमरेला घट्ट मिठी मारली.

"येसू, तू जा. नातीकडे जा."

"गप बस. एकटीनं धरायचं काम नाही हे."

लाट दोघींच्या डोक्यावरून गेली. दोघी नाकातोंडातून पाणी काढीत वर आल्या. येसूचा श्वास तिच्या मानेवर लागत होता आणि त्या सबंध राज्यात मृगावतीला लागलेली ती पहिली ऊब होती.

"मृगा," येसू एकदम म्हणाली, "तू मला न सांगता गेलीस."

"पालखी पहाटेच उठली. मी पडदा बाजूला करून तुमच्या घराकडे पाहिलं होतं."

"मी होडीत होते. तुझ्यासाठी तिसऱ्या आणायला गेले होते. शिंपल्या घेऊन वाड्यावर आले तर तू नाहीस. लई रडले होते मी. ते आजच आठवलं."

आणखी लाटा आल्या आणि गेल्या. मग पाणी हनुवटीवरून खांद्यावर उतरले, खांद्यावरून कमरेवर. तळहाताखालचा पाषाण हलला. खेकड्याने एक नांगी उचलली, दुसरी उचलली, आणि आडवा आडवा चालत तो समुद्रात निघून गेला. जिथे तो बसला होता तिथे एक काळे विवर उघडे पडले.

दुसरे काम झाले.

तिसऱ्या कामासाठी मृगावती ओल्या वस्त्रांनिशीच राजवाड्यात गेली. कुणी अडवले नाही. भद्रसेन सिंहासनावर नव्हता. खालच्या पायरीवर, रजया पांघरून बसला होता. दाढी वाढली होती. ओंजळीत लाल माणिक होते आणि त्याच्या चेहऱ्यावर त्याचा उजेड पडला होता.

"भद्रा."

त्याने वर पाहिले नाही.

"भद्रा, मी आले. मुख मोकळं झालं आहे. ऊठ."

त्याच्या कानावर काही पडत नव्हते. तिने त्याचा खांदा हलवला, नाव घेऊन पुन्हा पुन्हा हाक मारली. तो इथे नव्हताच. तो जिथे होता तिथे गेल्यावाचून त्याच्याशी बोलता येणार नव्हते. शंखपालाचे शब्द तिच्या ध्यानात होते. तरी ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि तिने माणकात पाहिले.

वाफा होत्या. गंधकाचा वास होता. राणी-आई खळग्यात बसली होती, केसांचा अंबाडा सुटलेला, गाल लाल झालेले. लहानगा भद्रा तिच्या मांडीवर बसून हात आपटून पाणी उडवीत होता. आणि तीही होती, दोन वेण्यांची, पाठ आईला टेकून बसलेली. आईचा ओला हात तिच्या कपाळावरून फिरत होता. मृगावतीला तो हात कपाळावर लागला. खरोखर लागला. डोंगर, खिंड, चांदीचे घंगाळ, सारे गळून पडले. ती म्हणाली, "आई," आणि पुढे काही म्हणायला उरले नाही.

भिंतीवरचे ऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे सरकले. बहीणभाऊ हलले नाहीत.

"आक्का, तू आलीस," माणकातून भद्रसेन म्हणाला. "बस. इथे पाणी निवत नाही."

ती बसली. फार फार सुख होते. पण बसता बसता तिला काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले. आईचा हात कपाळावरून फिरत होता, पुन्हा तोच फिरत होता. आई समुद्राकडे पाहतच नव्हती. जी आई एक डोळा मुलांवर आणि एक डोळा लाटांवर ठेवून बसे, भरतीची पहिली रेघ दिसताच उठे आणि म्हणे, "चला, उठा, समुद्राला त्याची जागा हवी आहे," आणि दोघांनी कितीही गळा काढला तरी दंड धरून बाहेर ओढी, ती आई बसूनच होती.

"भद्रा, आई उठत का नाही?"

"म्हणून तर, आक्का. इथे ती उठत नाही."

"मग ही आई नव्हे."

"असं म्हणू नकोस."

"ती रोज उठायची. आपण रडायचो आणि ती उठायची. मग दुसऱ्या दिवशी आपण नवा खळगा उकरायचो. भद्रा, येसूला नात झाली आहे. तिचे पाय गार आहेत. आईनं त्या पोरीचे पाय गार राहू दिले असते का?"

मृगावतीने कपाळावरचा आईचा हात आपल्या हातात घेतला. तो ऊन होता, आणि सोडायचा कसा हे तिला कळत नव्हते. तिने एकदा तो डोळ्यांना लावला. मग ती खळग्यात उभी राहिली आणि तिच्या तोंडून आईचेच शब्द आले.

"चला, उठा. समुद्राला त्याची जागा हवी आहे."

माणकातला समुद्र हलला. पायरीवर मृगावतीची पापणी लवली. थंडी तिच्या अंगावर कोसळली, ओल्या वस्त्रांची, रक्ताळलेल्या पायांची थंडी. शेजारी भद्रसेनाने मान वर केली होती आणि तो तिच्याकडे पाहत होता.

"आक्का," तो म्हणाला, "तू म्हातारी झालीस."

"तूही झालास. चल."

बहीणभाऊ हात धरून रस्त्याने चालत गेले. लोक ओट्यांवरून उठले आणि मुकाट मागून येऊ लागले. विवरापाशी भद्रसेन थांबला. माणिक त्याच्या मुठीत धगधगत होते आणि मूठ उघडत नव्हती. समुद्र पुन्हा वळत होता. पहिली लाट कातळाला टेकली. मृगावती बोलली नाही. येसू सुनेकडून नात घेऊन पुढे आली आणि तीही बोलली नाही. तान्ही तेवढी कण्हली, अगदी हलके. भद्रसेनाने तिच्याकडे पाहिले, गुडघे टेकले, हात विवरावर धरला आणि मूठ सोडली.

काही वेळ काहीच झाले नाही. मग खोलवर काहीतरी गडगडले, एक बुडबुडा आला, आणि वाळूतून वाफेचा पांढरा तुरा उभा राहिला. ऊन पाणी उसळून लोकांच्या पायांना लागले. "कढत! कढत!" असा ओरडा झाला, आणि त्या ओरड्यातच कुणीतरी हसले. खंड्या कातळातल्या घरट्याकडे बाणासारखा गेला. येसूने ओंजळीत पाणी घेतले, फुंकून निववले आणि नातीच्या पावलांवर सोडले. नातीने पाय झाडला आणि सबंध काठ दणाणेल असे भोकाड पसरले. नगरात घरोघरी चुलीवर राहिलेला भात एकदम उकळू लागला, आणि त्याचा वास वाऱ्यावरून समुद्रापर्यंत आला.

राज्याची घडी बसली. भद्रसेन सिंहासनावर बसू लागला, लोक पुन्हा भांडू लागले आणि पुन्हा एक होऊ लागले. बर्फाच्या मुलखाचा राजा मुलांना घेऊन आला. शंखपालाचा शंख एका भरतीत दूर वाहून गेला, आणि तो नेला कुणी हे कुणी विचारले नाही.

एका ओहोटीला भद्रसेन आणि मृगावती एकाच खळग्यात बसले होते. तो बोटांनी तळाची वाळू चाळवीत होता. मग म्हणाला, "आक्का, शेवटच्या दिवशी आईला इथे यायचं होतं. तिला उठवत नव्हतं. म्हणाली, निदान पाय तरी बुडवते. मी स्वतः घागर भरली आणि धावत गेलो. वाटेत निम्मी सांडली, आणि पोचेतो पाणी कोमट झालं होतं. तिनं पाय बुडवले आणि म्हणाली, छान ऊन आहे." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले; इतक्या वर्षांत ते वाहिले नव्हते. "ऊन नव्हतं, आक्का. म्हणून मी जादूगाराकडे गेलो."

मृगावतीने त्याचे पाऊल पाण्याखाली आपल्या हातात धरले. त्या दिवसाची तिला काहीच माहिती नव्हती. तो दिवस तिच्यावाचून होऊन गेला होता.

"मला सगळं सांग," ती म्हणाली. "तिनं काय नेसलं होतं? खिडकी उघडी होती का?"

"हिरवं लुगडं होतं," भद्रसेन म्हणाला. "खिडकी तिनंच उघडायला लावली."

तो सांगत गेला, ती ऐकत गेली. सांगणाऱ्याला उबारा मिळाला, ऐकणाऱ्याला उबारा मिळाला, तसा तुम्हां-आम्हां सर्वांना मिळो.